एका काळ्या कायद्याचं दीर्घायुष्य

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मतं मागितली तेव्हा तिच्या जाहीरनाम्यात कामगारांना युनियन काढण्याचा आणि हितरक्षणासाठी संप करण्याचा हक्क असेल, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मुंबई इलाख्यात पक्ष सत्तेवर आला. बाळासाहेब खेर मुख्य प्रधान झाले. गृहखातं कन्हैयालाल मुनशींकडे गेलं. गुजराती वाचकांचे लाडके कादंबरीकार, पण खुर्चीत बसल्यावर पक्के वकील. मजूर खात्याचं काम संसदीय सचिव म्हणून गुलझारीलाल नंदा पाहू लागले. आणि जेमतेम वर्ष उलटलं नाही तोच, सप्टेंबर १९३८ मध्ये, या मंत्रिमंडळाने विधानसभेत औद्योगिक तंट्यांचं बिल आणलं. गिरणगावात त्याला नाव पडलं काळा कायदा.

मंत्री म्हणत होते, हा कायदा संपावर बंदी घालत नाही. शब्दशः ते खरंच होतं. कामगारांना पगार, कामाचे तास किंवा कामाची पद्धत यांत काही बदल हवा असेल तर आधी नोटीस द्यायची, मग वाटाघाटी, त्या फिसकटल्या तर सरकारी समेट अधिकाऱ्यापुढे जायचं, आणि हे सगळं आटोपेपर्यंत संप केला तर तो बेकायदा. संपात उतरणाऱ्याला आणि त्याला चिथावणी देणाऱ्याला शिक्षा. या सोपस्कारांत महिनोन्महिने जाणार हे उघड होतं. गिरणीत पगारकपातीची नोटीस लागली की त्याच पाळीला साचे बंद पडायचे, हा मुंबईच्या कामगारांचा तोवरचा रिवाज. राग ताजा असतो आणि मालकाच्या हातात ऑर्डरी असतात तेव्हाच संपाला धार असते. चार महिन्यांनी मालकाने कोठारं भरून ठेवलेली असतात आणि कामगाराने वाण्याची उधारी वाढवलेली असते. वेळ हेच कामगाराचं हत्यार होतं, आणि बिलाने नेमकं तेच काढून घेतलं.

पण या बिलात दुसरी एक गोष्ट होती. तिच्याकडे तेव्हा तुलनेने कमी लोकांचं लक्ष गेलं, आणि पुढची पन्नास वर्षं मुंबईच्या गिरण्यांवर राज्य केलं ते तिनेच. कामगारांच्या वतीने बोलायचं कोणी, हे आता कायदा ठरवणार होता. युनियनांच्या पायऱ्या लावल्या गेल्या. कोणाची नोंदणी होणार, कोण ‘प्रातिनिधिक’ ठरणार याच्या अटी आल्या, आणि त्या अटींत मालकाच्या मान्यतेलाही वजन होतं.

हे समजायला अठरा वर्षं मागे जावं लागतं.

ट्रेड युनियन हा प्रकारच या देशात बरीच वर्षं कायद्याबाहेर होता. १९२० साली मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी मद्रास लेबर युनियनच्या बी. पी. वाडियांवर हायकोर्टात दावा लावला. म्हणणं एवढंच, की या माणसाने आमच्या कामगारांना करार मोडायला फूस दिली. कोर्टाने मनाई हुकूम दिला. म्हणजे कामगारांना संप करा असं सांगणारा पुढारी नुकसानभरपाईच्या खाईत पडू शकत होता. नारायण मल्हार जोशींनी मध्यवर्ती विधिमंडळात युनियनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी लावून धरली ती यानंतर. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा त्यातून आला. नोंदलेल्या युनियनवर आता कट केल्याचा खटला भरता येत नव्हता. मात्र त्या कायद्यात एक भोक राहिलं. युनियनची नोंदणी होत होती, पण मालकाने तिच्याशी बोललंच पाहिजे असं कुठे म्हटलेलं नव्हतं. ‘तुम्ही कोण?’ असं विचारून दार लावून घ्यायचा मालकाचा हक्क शाबूत होता.

मग १९२८ साल आलं. गिरणीमालकांनी कामाची फेरआखणी काढली: विणकराने जास्त माग सांभाळायचे, कताईखात्यात एका माणसाने दोन माणसांचं काम ओढायचं. २६ एप्रिलपासून दीड लाख कामगार बाहेर पडले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आत गेले नाहीत. ऐन संपात मे महिन्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर या कम्युनिस्ट पुढाऱ्यांबरोबर अर्जुन आळवे आणि कासले हे खुद्द गिरणीत राबलेले लोक तिच्यात होते. वर्ष संपता संपता सभासदांचा आकडा पन्नास हजारांवर गेला. एवढी मोठी युनियन हिंदुस्थानात तोवर कोणी पाहिली नव्हती.

सरकारने दोन्ही हातांनी उत्तर दिलं. २० मार्च १९२९ रोजी मीरत कटाच्या नावाखाली देशभरातून ३१ पुढारी उचलले. त्यांत बरेचजण मुंबईच्या कामगार चळवळीतले होते. दुसरीकडे दिल्लीत ट्रेड डिस्प्यूट्स बिल पुढे सरकत होतं. १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर ब्रिटिश पार्लमेंटने घरी जो कायदा केला होता, त्याचीच ही देशी आवृत्ती. दुसऱ्या धंद्यातल्या कामगारांच्या पाठिंब्यासाठी, सरकारवर दबाव आणण्यासाठी संप केला तर तो बेकायदा. ८ एप्रिलला हे बिल मंजूर झालं. पाठोपाठ सभागृहाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल पब्लिक सेफ्टी बिलावरचा निर्णय द्यायला उठले आणि गॅलरीतून बॉम्ब पडले. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांचे ते बॉम्ब शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतात. त्यांच्या आदल्या काही मिनिटांत सभागृहाने काय मंजूर केलं होतं, हे मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही.

त्या दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कम्युनिस्टांच्या बाजूला नव्हते, हे लक्षात ठेवलेलं बरं. १९२८ च्या संपात त्यांनी पुढाऱ्यांना धारेवर धरलं होतं. गिरणीत सगळ्यात बरा पगार साचेखात्यात, आणि तिथे अस्पृश्याला शिरकाव नाही. कारण धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडाने ओढून बाहेर काढावं लागे, आणि महाराच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला लावायला तयार नव्हता. लाल बावट्याखाली जगातल्या कामगारांना एक व्हा म्हणणाऱ्यांच्या मागण्यांच्या यादीत ही गोष्ट नव्हती. बाबासाहेबांनी हट्ट धरला तेव्हा कुठे ती आली. १९२९ च्या संपाला तर त्यांनी सरळ विरोध केला. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला गिरणगाव काय आहे हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

१९३८ येईपर्यंत ते स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते. विधानसभेत पक्षाचे डझनाहून अधिक आमदार होते. जानेवारीत खोतीविरुद्ध कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईत आणला, आणि फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू आहेत असं सांगितलं. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासूनच गाडी त्या दिशेने निघाली होती. काळ्या कायद्याने ती पोचवली.

१५ सप्टेंबरला ते या बिलावर बोलले. भाषण लांब आहे, वकिली आहे, आणि अजून वाचनीय आहे. त्यांचा मूळ मुद्दा असा: संप म्हणजे काय? नोकरीचा करार मोडणं. करार मोडणं ही दिवाणी चूक आहे, फौजदारी गुन्हा नाही. घरमालकाने भाड्याचा करार मोडला तर आपण त्याला तुरुंगात घालत नाही, नुकसानभरपाई मागतो. मग कामगाराने करार मोडला की तुरुंग का? एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर राहायला कायद्याने भाग पाडायचं, न राहिला तर शिक्षा करायची, याला गुलामी म्हणतात. मग त्यांनी सभागृहापुढे इतिहास ठेवला. काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षा देणारा १८५९ चा कायदा इंग्रजांनीच केला होता आणि १९२५ मध्ये इंग्रजांच्याच राज्यात तो रद्द झाला. परक्या सरकारने फेकून दिलेली गोष्ट लोकांनी निवडून दिलेलं सरकार पुन्हा उचलून घेत होतं. स्वातंत्र्याचा हक्क जर पवित्र मानता, तर संपाचा हक्क हा त्याचंच दुसरं नाव आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. मालकाच्या मेहेरबानीवर मान्यता मिळवणाऱ्या युनियनला ते युनियन मानायलाच तयार नव्हते.

मंत्रिमंडळाची बाजू पोकळ होती असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. नंदा अहमदाबादहून आले होते. १९१८ चा गांधीजींचा संप, अनसूयाबेन साराभाई, लवाद, आणि १९२० पासूनचं मजूर महाजन ही त्यांची शाळा. नंदा त्या महाजनाचे अनेक वर्षं चिटणीस होते. एक गाव, एक मालकसंघ, एक युनियन, आणि तंटा झाला की पंच. तिथे हे चालत होतं, कामगारांच्या पदरात काही पडतही होतं. नव्या कायद्याने मालकावरही बंधनं घातली. त्यालाही बदल करण्याआधी नोटीस द्यावी लागणार होती, कामाचे नियम लेखी ठेवावे लागणार होते, आणि तंटे ऐकायला औद्योगिक न्यायालय येणार होतं. गेटवरच्या पाटीवर खडूने लिहून पगार कापायचे दिवस यामुळे सरले, हे कबूल केलंच पाहिजे. घोटाळा असा झाला की अहमदाबादेत जे माणसांच्या खटपटीतून, त्यांच्या राजीखुशीने उभं राहिलं होतं, ते मुंबईवर कलमांनी बसवलं गेलं. मुंबईत चार युनियना एकमेकींशी भांडत होत्या, कामगार रोज त्यांच्यातून निवड करत होता, आणि नेमकी तीच निवड नव्या सरकारला नकोशी होती.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप ठरला. तारीख रशियन क्रांतीच्या वाढदिवसाची आहे, हे मिरजकर-डांगे यांना सांगावं लागलं नसेल. स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा पहिल्यांदाच एका मांडवाखाली आले. बरोबर जमनादास मेहता, इंदुलाल याज्ञिक आणि शामराव परुळेकर होते. दहा वर्षांपूर्वी धोट्यावरून ज्यांच्यात वाजलं होतं ती माणसं चाळीचाळींतून एकत्र हिंडली. पहाटे भोंगे झाले तेव्हा गेटांवर आंबेडकरांच्या समता सैनिक दलाचे स्वयंसेवक आणि लाल बावट्याचे कार्यकर्ते शेजारी शेजारी उभे होते. बहुतेक गिरण्या बंद पडल्या, काही चालल्या, काही ठिकाणी दगड पडले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि गोळ्याही झाडल्या. माणसं मेली. संध्याकाळी परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली आणि एकाच व्यासपीठावरून आंबेडकर आणि डांगे बोलले. गोळीबाराचा हुकूम काँग्रेसच्या गृहमंत्र्याच्या अखत्यारीत दिला गेला होता. सरकारने चौकशी समिती नेमली, जशी कोणतंही सरकार नेमतं.

बिल मंजूर झालं. आंबेडकर-डांगे युतीही फार टिकली नाही.

पुढच्याच वर्षी महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. कायदा मागे राहिला. संप आवरण्याचं जे यंत्र लोकनियुक्त सरकारने बनवलं, ते ऐन युद्धकाळात इंग्रज गव्हर्नरच्या हातात आयतं पडलं. हत्यार बनवणाऱ्याला ते कायम आपल्याच हातात राहील असं वाटत असतं.

युद्ध संपलं, खेर परत आले, आणि नंदा या वेळी मजूरमंत्री म्हणून आले. १९४६ साली त्यांनी १९३८ चा कायदा मोडीत काढून जास्त पक्का कायदा केला: मुंबई औद्योगिक संबंध कायदा. गिरणगावात त्याला नुसतं ‘बी. आय. आर.’ म्हणत. यात प्रातिनिधिक युनियनची कल्पना पूर्ण वाढलेली दिसते. एका गावातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन. ती ठरायला निम्मे कामगार लागत नाहीत, पाव हिस्सा पुरे. मतदान नाही, रजिस्ट्रार सभासदांच्या वह्या आणि पावत्या तपासून ठरवणार. एकदा ठरली की तिने केलेला करार प्रत्येक कामगारावर बंधनकारक, तो तिचा सभासद असो वा नसो. तिच्यावाचून कोणी कोर्टात उभं राहायचं नाही. मुंबईत हा मान काँग्रेसच्या इंटकशी जोडलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि तिथेच राहिला.

आता हा मान काढून कसा घ्यायचा? कायद्यात वाट होती, आणि ती वाट म्हणजे या सगळ्या गोष्टीतली सर्वांत कारागिरीची जागा आहे. दुसऱ्या युनियनला अर्ज करता येई, पण तिने मागच्या काही महिन्यांची सलग वर्गणी भरलेले सभासद दाखवायचे. म्हणजे पगार चालू असताना, मुकादमाच्या आणि जुन्या संघाच्या प्रतिनिधीच्या नाकावर टिच्चून हजारो माणसांनी दर महिन्याला पावती फाडायची. आणि नव्या युनियनने बेकायदा संपाला चिथावणी दिली, तर खुद्द तिचीच नोंदणी धोक्यात. संप कायदेशीर करायचा अधिकार प्रातिनिधिक युनियनच्या हातात, म्हणजे दुसऱ्या कोणाचाही संप बहुधा बेकायदाच. कामगारांनी संप करून दाखवावं की ते कोणामागे आहेत, तर त्या दाखवण्यानेच त्यांची युनियन बाद. संप केला नाही, तर रजिस्ट्रार म्हणणार, तुमच्यामागे कोण आहे ते दिसत नाही. एखाद्या चांगल्या सनदी वकिलाने रात्रभर जागून हे बांधलं असावं असं वाटतं.

१९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी संप पुकारला. दोन लाख कामगार ६३ दिवस बाहेर राहिले. सरकारने संप बेकायदा ठरवला. गृहमंत्री मोरारजी देसाई होते आणि ते कुठल्याच बाबतीत माघार घेणारे नव्हते. संप मोडला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर प्रचंड मतांनी गेले. गिरणगाव कोणाच्या मागे आहे याबद्दल तेव्हा कोणाला शंका उरली नव्हती. पण गिरण्यांत सही करायचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाचाच. १९६२ मध्ये एका गुजराती गिरणीच्या कामगारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोर्टाने सांगितलं की प्रातिनिधिक युनियन हजर असेल तर दुसऱ्या कोणालाही कामगारांच्या वतीने उभं राहता येणार नाही, तिचा हेतू वाईट असल्याचा आरोप असला तरी. तिच्यावर विश्वास नसेल तर नोंदणी रद्द करून घ्या. वर सांगितलेल्या वाटेने.

याच काळात दिल्लीच्या कपाटात एक वेगळा कागद पडून होता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, त्यांनी एक दुरुस्ती बिल आणलं होतं: ज्या युनियनमागे कामगार आहेत तिला मान्यता देणं मालकाला सक्तीचं. १९२६ च्या कायद्यातलं भोक बुजवणारं ते बिल. ते पुढे रेटत रेटत १९४७ मध्ये मंजूर झालं, तेव्हा जगजीवनराम मजूरमंत्री होते. कायदा झाला, क्रमांक पडला. अंमलात आणायची अधिसूचना मात्र कधीच निघाली नाही. स्वतंत्र भारताच्या एकाही सरकारला ती काढाविशी वाटली नाही. यात नेहरूंचंही आलं आणि जनता पक्षाचंही.

आणि मग १९८१ ची दिवाळी.

राष्ट्रीय मिल मजदूर संघाने बोनसचा करार केला. गिरणीगणिक आकडे वेगळे, आणि बऱ्याच ठिकाणी कामगारांना वाटत होतं त्याहून कमी. स्टँडर्ड मिलचे लोक चिडून घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या दारात जाऊन बसले. सामंत मूळ मालवणजवळच्या देवबागचे. घाटकोपरला दवाखाना घालून खाणीत खडी फोडणाऱ्या मजुरांना औषधं देता देता युनियनमध्ये शिरलेले. तोवर इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी मोठमोठे करार करून दाखवले होते. गिरण्यांत शिरायला ते आधी नाखूश होते असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगत. हे तर्काला धरून आहे. इतर कारखान्यांत मालक दार उघडायचा, इथे दारावर कायदाच उभा होता. १९७१ मध्ये महाराष्ट्राने युनियनांच्या मान्यतेचा नवा कायदा केला होता, पण बी. आय. आर. खाली येणाऱ्या उद्योगांत मान्यता जुन्याच पद्धतीने ठरत होती.

आधी आठ गिरण्या थांबल्या. १८ जानेवारी १९८२ पासून साठेक गिरण्यांमधले अडीच लाख कामगार बाहेर आले. महाराष्ट्राला त्या आठवड्यात धड मुख्यमंत्रीही नव्हता. सिमेंट प्रकरणात हायकोर्टाचा निकाल लागून अंतुल्यांनी राजीनामा दिला होता, आणि बाबासाहेब भोसले संप सुरू झाल्यावर तीन दिवसांनी शपथ घेत होते. मागण्यांत पगारवाढ होती, वर्षानुवर्षं रोज सकाळी गेटवर उभं राहून काम मिळेल का पाहणाऱ्या बदली कामगारांना कायम करा हे होतं. आणि होतं: बी. आय. आर. रद्द करा.

माझ्या मते संपाचा खरा गळा या शेवटच्या मागणीत अडकला. पगार चार पैसे वाढवणं मालकांना जड नव्हतं, निदान काहींना तरी. पण सामंतांशी बोलायचं म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ कोणाचा प्रतिनिधी नाही हे मान्य करायचं. ते मान्य केलं तर इंटकचा मुंबईतला पाया गेला, आणि गिरण्यांत जे झालं ते गोदीत आणि ठाणे-बेलापूरच्या पट्ट्यात व्हायला वेळ लागला नसता. दिल्ली त्याला तयार नव्हती. म्हणून अडीच लाख माणसं रस्त्यावर, आणि सरकारदरबारी उत्तर एकच: कायद्याने ठरलेल्या युनियनशीच बोलता येतं. गुप्त मतदान घ्या, ही मागणीही फेटाळली गेली. कायद्यात तशी तरतूद नव्हती, हे त्याचं साधं कारण. तरतूद कोणी आणि का केली नव्हती, हे वर आलंच आहे.

पुढचं पुष्कळांनी लिहिलंय, नाटकांत-सिनेमांत आलंय, म्हणून थोडक्यात. कामगार कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरला गावी गेले, पेरण्या केल्या, परत आले. चाळींतल्या खाणावळी बंद पडल्या, बायकांनी दागिने मोडले, पोरांची शाळा सुटली. गिरणीमालकांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेतलं, आणि गिरणीचा छाप असलेला माल बाजारात येतच राहिला. ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांची संघटना सरकारने बेकायदा ठरवली, पुढारी पकडले, शिपाई रस्त्यावर आले, शेवटी लष्कर बोलावलं गेलं. त्या दिवशी गिरणी कामगारही त्यांच्या बाजूने बाहेर पडले. ज्यांच्या काठ्या खाल्ल्या त्यांच्याच युनियनसाठी. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्राने १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. बाकीच्या गिरण्या एकेक करून सुरू झाल्या त्या मालकांच्या अटींवर आणि निवडलेल्या माणसांनिशी. संप बेकायदा असल्यामुळे कोणाला परत घ्यायचं हे मालक ठरवू शकत होता. लाखाच्या आसपास कामगार कायमचे बाहेर राहिले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

सगळं खापर एका कायद्यावर फोडणं बरोबर नाही. गिरण्यांची यंत्रं जुनाट होती, यंत्रमाग पुढे गेले होते, आणि गिरणीखालच्या जमिनीचा भाव काही मालकांना कापडापेक्षा गोड वाटू लागला होता. सामंतांकडेही परतीची वाट नव्हती. त्यांच्या युनियनमध्ये त्यांना ‘डॉक्टर, आता पुरे’ असं सांगू शकणारं कोणी नव्हतं, हा त्यांचा मोठाच दोष. पण बोलणीच न होता अडीच लाखांचा संप दीड वर्ष चालू शकतो, हे कुठल्याही कारखानदारीत नैसर्गिक नाही. तो चालला कारण ज्यांच्याशी बोलून तो मिटला असता, त्यांच्याशी बोलणं हे मालकाला आणि सरकारला कायद्याने टाळता येत होतं.

आता हा इतिहास जुना झाला म्हणावं, तर २०२० साली संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. सप्टेंबर महिना, विरोधी बाकं रिकामी. एकाच आस्थापनेत अनेक युनियना असतील तर ५१ टक्के कामगार ज्या युनियनमागे आहेत ती एकटी वाटाघाट करणार. पाव हिश्श्यापेक्षा हे बरंच म्हणायचं. पण संपाआधी नोटीस आता फक्त पाणी-वीज-रेल्वेपुरती नाही, सगळीकडे सक्तीची. समेटाची कारवाई चालू असताना संप नाही. निम्म्या लोकांनी एका दिवशी मिळून रजा टाकली तरी तो संप. १५ सप्टेंबर १९३८ चं भाषण ज्यांनी वाचलंय, त्यांना यातले बरेचसे युक्तिवाद दोन्ही बाजूंनी पाठ असतील.

राहिली १९८४ ची गोष्ट. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या डिसेंबरमध्ये लोकसभेची निवडणूक झाली. काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या, महाराष्ट्रातही लाट तशीच होती. मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघात लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींनी गुप्त मतदानाने, सरकारी शिक्का मारून दत्ता सामंतांना निवडून दिलं. अपक्ष. दिल्लीत ते त्या लोकांचे कायदेशीर प्रतिनिधी झाले. गिरण्यांमध्ये प्रातिनिधिक युनियन राष्ट्रीय मिल मजदूर संघच राहिली.